घरातली घडीची शिडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीची सजावट, दिवाळीची साफसफाई आणि पावसाळ्याआधीची डागडुजी जवळ आली की शिडीबद्दलचे प्रश्न वाढतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. 'शिडी' म्हणजे इथे घरात वापरतात ती घडीची शिडी, म्हणजे रंगारी आणि वायरमन जिला 'घोडा' म्हणतात ती. भिंतीला टेकवायच्या सरळ शिडीचे नियम वेगळे आहेत, ते प्रश्न १७ मध्ये पाहा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शिडी मोडून माणूस पडला असं क्वचितच होतं. एक तर शिडी कामाला बुटकी असते, नाहीतर खाली उतरून ती वीतभर सरकवायचा कंटाळा केलेला असतो.

१. स्टूल किंवा खुर्चीवर चढून काम होतं, मग शिडी कशाला?

स्टुलावर चढल्यावर धरायला काहीच नसतं. तोल जरा गेला की हात हवेतच जातो. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात. गुळगुळीत टाइल्सवर कडेला वजन पडलं की ते फाकतात. उन्हात गॅलरीत पडून राहिलेली खुर्ची वरून धड दिसते, पण तिचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि ती आधी न करकरता मोडते. चाकांच्या खुर्चीवर किंवा खुर्चीवर ठेवलेल्या स्टुलावर तर चढूच नका.

चौपायी, रुंद बुडाचं, दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल फळीवरचा डबा काढायला ठीक आहे. हात डोक्याच्या बराच वर न्यावा लागणार असेल तर शिडीच हवी.

२. घरासाठी किती पायऱ्यांची शिडी घ्यावी?

दुकानात शिडीची उंची सांगतात ती वरच्या कठड्यापर्यंतची असते. आपल्याला हवी असते ती पाय ठेवायची उंची. हिशेब सोपा आहे: काम जमिनीपासून जितक्या फुटांवर आहे त्यातून तुमची उंची अधिक एक फूट वजा करा. राहिलं तितक्या उंचीवर पाय हवेत.

पाच फूट उंचीची व्यक्ती आणि आठ फुटांवरची पंख्याची पाती: ८ उणे ६, म्हणजे पाय दोन फुटांवर. त्याच व्यक्तीला साडेनऊ फुटांवरच्या छताची जळमटं काढायची असतील तर साडेतीन फूट. घरगुती शिडीच्या दोन पायऱ्यांत साधारण ९ ते १० इंचांचं अंतर असतं. वरची रुंद फळी धरून तीन पायऱ्यांच्या शिडीवर पाय सव्वादोन ते अडीच फुटांवर येतात, चार पायऱ्यांच्या शिडीवर तीन-सव्वातीन फुटांवर आणि पाच पायऱ्यांच्या शिडीवर चार फुटांच्या आसपास.

फ्लॅटमधल्या नेहमीच्या छताला बहुतेकांना चार किंवा पाच पायऱ्यांची, वर गुडघ्याच्या वर येणारा कठडा असलेली शिडी पुरते. वाड्यात किंवा कोकणातल्या उंच कौलारू घरात आधी टेप लावून मोजा आणि मगच दुकानात जा. "जरा कमी पडली तर टाचा उचलू" या हिशेबाने बुटकी शिडी घेऊ नका. टाचा उचलल्या की पायाखालचा आधार निम्मा होतो.

३. शिडीवर १५० किलो लिहिलं आहे आणि माझं वजन ७० आहे. मग काळजीचं कारण नाही ना?

मोडण्याच्या बाबतीत नाही. पण त्या आकड्यात तुमचं वजन, हातातलं सामान, ड्रिल, रंगाचा डबा असं सगळं धरायचं असतं. शिवाय तो आकडा शिडी पूर्ण उघडलेली, चारही पाय सपाट टेकलेले आणि वजन मध्यावर असतानाचा आहे. ७० किलोचा माणूस कडेला झुकला की १५० किलोची शिडीही आडवी होते. बाजूला झुकण्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

आणखी एक, १५० किलो म्हणजे दोन माणसं एकदम चढू शकतात असा अर्थ नव्हे. दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली आणि तसं स्पष्ट लिहिलेली शिडी सोडली, तर एका वेळी एकच माणूस.

४. ॲल्युमिनियम, लोखंड, फायबर की लाकूड?

घरकामाला ॲल्युमिनियम सोयीचं, कारण हलकं असतं. शिडी हलकी असली की ती सरकवायचा कंटाळा येत नाही, आणि हा फायदा लहान नाही. लोखंडी शिडी स्वस्त आणि स्थिर असते. पण ती जड असते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत नळीच्या आत गंज धरतो, जो बाहेरून दिसत नाही. पायांचे रबरी बूट काढून नळीचं टोक पाहिलं की कळतं.

विजेचं काम करायचं असेल तर ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही बाद. तिथे फायबरग्लासची किंवा कोरडी लाकडी शिडी. लाकडी शिडीला ऑइल पेंट फासू नका, कारण रंगाखाली चीर झाकली जाते. पारदर्शक व्हार्निश किंवा जवसाचं तेल लावा.

५. शिडी उघडल्यावर चढण्याआधी नेमकं काय पाहायचं?

याला एक मिनिट लागतं, आणि क्रम असा ठेवा.

जमीन कोरडी आहे का, हे आधी हात लावून पाहा. नुकतीच फिनाईलने पुसलेली लादी कोरडी दिसते, पण निसरडी असते. मग शिडी आडवी करून पायांचे रबरी बूट तळाकडून पाहा. रबरावर नख दाबलं की खूण उमटली पाहिजे. प्लास्टिकसारखं टणक लागलं किंवा तळाला चकाकी आली असेल तर बूट बदला. हार्डवेअरच्या दुकानात नळीच्या मापाचे मिळतात. धुळीचा थर असेल तर ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर धूळ बसलेलं चांगलं रबरही घसरतं.

आता शिडी पूर्ण उघडा. मधल्या आडव्या पट्ट्या सरळ होऊन 'खट्' आवाजासह बसल्या पाहिजेत. तळव्याने दाबून खात्री करा. ज्या शिडीत वरची फळीच लॉकचं काम करते, तिची फळी मागच्या दांडीवर पूर्ण टेकली पाहिजे आणि खटका लागला पाहिजे. अर्धवट उघडलेली शिडी उभी राहते, पण पहिल्या-दुसऱ्या पायरीवर वजन पडलं की आतल्या आत मिटायला लागते.

चारही पाय टेकतात का? एक पाय अधांतरी असेल तर त्याखाली कागदाची घडी किंवा टाइलचा तुकडा सारू नका. शिडी आहे तिथेच थोडी फिरवा, बहुतेक वेळा सपाट जागा सापडते. कुठेच सापडली नाही तर शिडीच पिळवटलेली आहे (प्रश्न २१).

शेवटी पहिल्या पायरीवर उभं राहून वजन डावीकडे-उजवीकडे टाकून पाहा. आणि शिडी दारासमोर असेल तर दाराला आतून कडी घाला. बाहेरून कुणी दार ढकललं तर शिडी माणसासकट जाते.

६. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहिलं तर चालतं का?

शिडीला वर कठडा आहे की नाही, त्यावर आहे. रुंद फळी आणि तिच्या वर दीड-दोन फूट कठडा असेल तर ती फळी उभं राहण्यासाठीच दिलेली असते. गुडघे किंवा नडग्या कठड्याला टेकवून दोन्ही हातांनी काम करता येतं.

कठडा नसेल, म्हणजे साधा 'घोडा' असेल, तर वरच्या दोन पायऱ्या सोडून द्या. तिथे उभं राहिलं की धरण्यासारखं सगळं गुडघ्याखाली जातं. रंगारी घोड्याच्या माथ्यावर दोन बाजूंना पाय टाकून बसतात किंवा उभं राहूनच तो 'चालवतात', ते बघून घरी करू नका. कठड्यावर पाय ठेवणं कुठल्याही शिडीत नाही.

७. अगदी वीतभर लांब आहे, झुकलं की हात पोचतो. त्यासाठी पुन्हा उतरायचं?

हो, उतरायचं. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

घडीच्या शिडीचा पाया पुढे-मागे लांब असतो आणि डावी-उजवीकडे अरुंद. चार पायऱ्यांच्या घरगुती शिडीचे पाय रुंदीला जेमतेम दीड फूट असतात. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत नऊ इंच. माणसाचा भार साधारण बेंबीपाशी एकवटलेला असतो. बेंबी शिडीच्या उभ्या दांड्याबाहेर गेली की दुसऱ्या बाजूचे पाय जमिनीवरून सुटायला लागतात, आणि सुटले की सावरायला वेळ मिळत नाही, कारण सावरायला जो पाय दाबाल तोही त्याच शिडीवर असतो.

म्हणून बेंबी कायम दोन दांड्यांच्या मध्ये. दोन्ही पाय एकाच पायरीवर. हात तेवढ्यात पोचेल तिथवरच काम, पुढचं शिडी सरकवून. वर उभं राहून उड्या मारत शिडी सरकवायची नाही आणि खालच्याने माणसासकट ढकलायचीही नाही. चाकं असलेल्या शिडीची चाकं रिकामी शिडी न्यायला आहेत.

८. चढताना-उतरताना काही विशिष्ट पद्धत आहे का?

तोंड शिडीकडे, उतरतानाही. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम शिडीवर. त्यासाठी हात मोकळे हवेत. स्क्रू, बल्ब, फडकं खांद्याला तिरक्या अडकवलेल्या छोट्या पिशवीत ठेवा. बादली वर नेऊ नका. खालच्याने ओलं फडकं पिळून द्यावं. खिशात टोक वर केलेला स्क्रूड्रायव्हर नको.

चुकतं ते बहुधा उतरताना, शेवटच्या पायरीवर. जमीन आली असं वाटून पाय मागे टाकला जातो आणि अजून एक पायरी बाकी असते. त्या पायरीला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

९. शिडी धरायला कुणी हवंच का?

असलं तर चांगलं, पण धरणाऱ्याच्या भरवशावर जास्त झुकायचं नाही. ७० किलोचा माणूस कलला तर खालचा तो थोपवू शकत नाही. खालच्याचं खरं काम वस्तू देणं-घेणं, दाराकडे आणि पंख्याच्या बटणाकडे लक्ष ठेवणं, मुलांना लांब ठेवणं. उभं राहायचं ते शिडीच्या बाजूला, वरच्याच्या बरोबर खाली नाही. हातोडी सुटली तर डोक्यात बसते.

घरात एकटे असाल तर निदान फोन खिशात ठेवा आणि माळ्याचं किंवा विजेचं काम कुणी येईपर्यंत थांबवा.

१०. पॅसेज अरुंद आहे. शिडी न उघडता, मिटूनच भिंतीला टेकवली तर?

नाही. मिटलेल्या शिडीचे पाय भिंतीला टेकायच्या कोनात कापलेले नसतात. रबराची फक्त कड जमिनीला लागते आणि बूड सरकतं. शिवाय मागचे दांडे वजन पेलायला नव्हे, तर उघडल्यावर आधार द्यायला असतात. शिडी उघडत नसेल इतक्या अरुंद जागेत लांब दांड्याचा ब्रश वापरा किंवा बुडाला आटोपशीर असलेली लहान शिडी आणा.

११. पंखा पलंगाच्या बरोबर वर आहे. शिडी पलंगावर ठेवू का?

गादीवर तर नाहीच, गादी काढून प्लायवरही नाही. बॉक्स पलंगाचं झाकण हे चौकटीवर नुसतं टेकलेलं प्लाय असतं. शिडीचा पाय त्याच्या कडेला आला की दुसरी कड उचलते, मध्ये आला तर सगळं वजन दोन बोटं रुंदीच्या जागेवर येतं.

साधा पलंग असेल तर दोन-अडीच फूट सरकवा. सरकत नसेल तर पंखा आपल्याकडे आणा. म्हणजे असं: १२०० मिलिमीटरचा नेहमीचा पंखा मध्यापासून दोन फूट पसरतो. पलंग सहा फूट रुंद आणि पंखा मध्यावर असेल तर पात्याचं टोक पलंगाच्या कडेपासून फूटभर आत येतं. शिडी पलंगाच्या कडेला, चढल्यावर तोंड पंख्याकडे येईल अशी उभी करा आणि एकेक पातं हाताने फिरवून समोर आणा. प्रत्येक पातं त्याच जागेवरून पुसता येतं, शिडी हलवावी लागत नाही. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून टोकाकडे ओढला तर धूळ अभ्र्यातच राहते. पातं वर उचलून किंवा खाली दाबून धरू नका, ते वाकलं की पंखा डगडगायला लागतो.

पात्याच्या बुडापर्यंत किंवा मोटरपर्यंत हात पोचत नसेल तर झुकू नका. वाकड्या तोंडाचा, लांब दांड्याचा पंखा पुसायचा ब्रश मिळतो, तो जमिनीवर उभं राहून चालतो. वीज बंद करण्याबद्दल प्रश्न १३.

१२. माळ्यावरून जड बॅग किंवा पेटी कशी काढायची?

माळ्याच्या कामात धोका सामान वर चढवण्यापेक्षा बाहेर ओढताना जास्त असतो. अडकलेली पेटी जोर लावून ओढायची आणि ती अचानक सुटायची; त्या क्षणी तुमचा आणि पेटीचा भार एकदम मागे येतो, आणि मागे काहीच नसतं.

शिडी अशी लावा की माळ्याची कड तुमच्या छातीच्या पातळीवर येईल. फ्लॅटमधला माळा साधारण सात फुटांवर असतो, म्हणजे पाय तीन फुटांवर हवेत. खांद्याच्या वर हात करून जड वस्तू काढणं म्हणजे ती अंगावर घेणं. पेटी आधी हलवून मोकळी करा, शेजारचं सामान बाजूला सारा. मग एका हाताने माळ्याची कड धरून दुसऱ्या हाताने थोडी थोडी ओढा. तिसरा हिस्सा बाहेर आला की थांबा. खालच्याने पुढची कड पकडली की मगच बाकीची सोडा. पेटी छातीशी धरून शिडी उतरू नका, तेव्हा तुमचा एकही हात शिडीवर नसतो.

दहा किलोच्या वरचं सामान असेल तर पेटी माळ्यावरच उघडून आतलं थोडं थोडं खाली द्या. गणपतीचं मखर, लोकरी कपडे, तांब्या-पितळेची भांडी अशी जड गाठोडी परत ठेवताना दोन-तीन लहान खोक्यांत वाटून ठेवली तर पुढच्या वर्षीचा त्रास वाचतो. आणि माळ्यावर स्वतः चढून बसू नका. बऱ्याच माळ्यांची फळी सामानाच्या हिशेबाने टाकलेली असते.

१३. ट्यूब बदलताना किंवा पंखा पुसताना बटण बंद केलं की पुरे ना?

पुरत नाही. वायरिंग चुकीचं झालेलं असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट असतात. रेग्युलेटर शून्यावर नेणं म्हणजेही वीज बंद नाही. त्या खोलीची एमसीबी खाली करा, आणि "चढलो आहे, लावू नका" अशी चिठ्ठी तिथे चिकटपट्टीने लावा.

घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि नेमकी ती राहते. मेन स्विच बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो पंखे-ट्यूब आपल्या बॅटरीवर सुरू करतो. बहुतेक घरांत पंखे आणि ट्यूबच इन्व्हर्टरवर असतात. म्हणून इन्व्हर्टरही त्याच्या बटणावरून बंद करा, मग पंखा लावून पाहा, फिरला नाही तरच चढा. टेस्टरने वरही एकदा तपासा.

पुसणं आणि दिवा बदलणं इतकंच घरी करा. नवा पंखा टांगायला वायरमन बोलवा. चार-पाच किलोचा पंखा एका हाताने पेलत दुसऱ्या हाताने पिन घालणं हे एकट्याने, शिडीवर करायचं काम नाही.

१४. शिडीवरून भिंतीत ड्रिल करता येईल का?

येईल, पण शिडी अशी ठेवा की चढल्यावर तुमचं तोंड भिंतीकडे येईल, भिंतीला समांतर नको. ड्रिलवर जोर दिला की तेवढाच जोर तुम्हाला मागे ढकलतो. शिडी भिंतीकडे तोंड करून असेल तर तो तिच्या लांब बाजूने जातो. आडवी असेल तर अरुंद बाजूने, आणि तिथे काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहे. काँक्रीटच्या बीममध्ये बिट अडकलं की ड्रिल हातात पीळ मारतं, म्हणून बीममधली भोकं कारागिराला सोडा. ड्रिलची वायर पायरीभोवती गुंडाळू नका.

१५. बाल्कनीत आकाशकंदील लावायला शिडी वापरू का?

बाल्कनीला वरपर्यंत पक्की लोखंडी ग्रिल असेल तर वापरा. अर्ध्या उंचीचा कठडा असेल तर नका.

कठडा साधारण तीन ते साडेतीन फूट असतो, आणि बेंबीच्या वर येतो म्हणूनच तो तुम्हाला अडवतो. दुसऱ्या पायरीवर चढलात की पाय दीड फुटांवर जातात आणि तोच कठडा गुडघ्याशी येतो. मग शिडी जागची हलली नाही तरी माणूस कठड्यावरून बाहेर जाऊ शकतो. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी माणसाचं वजन पेलण्यासाठी नसते. ती आहे म्हणून धीर करू नका.

छताला एक हुक आणि लहान कप्पी कारागिराकडून एकदाच, सुरक्षित पट्टा लावून बसवून घ्या. त्यात दोरी ओवून ठेवली की दर दिवाळीला जमिनीवर उभं राहून कंदील वर खेचता येतो आणि बल्ब गेला तर खाली घेता येतो. हे जमत नसेल तर कंदील खिडकीच्या ग्रिलला आतून बांधा. खिडकीच्या काचा बाहेरून पुसायला सज्जावर उतरण्याचाही हाच विचार: करू नका, लांब दांड्याचा वायपर वापरा.

१६. जिन्यात, अंगणात, गच्चीवर शिडी कशी उभी करायची?

जिन्याच्या पायऱ्यांवर घडीची शिडी उभीच करू नये, विटा किंवा स्टूल लावून तर मुळीच नाही. प्रत्येक पाय वेगळ्या उंचीला लावता येणाऱ्या खास शिड्या येतात. त्या नसतील तर जिन्यातला दिवा लांब दांड्याच्या बल्ब-पकडीने बदला.

मातीच्या किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात पाय एकेक करून रुततात आणि शिडी हळूहळू कलते. चारही पायांखाली मिळून एकच जाड फळी किंवा १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा सपाट बसवा. चायना मोझॅकच्या गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. शिडीची लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवा. पावसाळ्यात शेवाळ आलेल्या गच्चीवर शिडी नको.

१७. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला सरळ शिडी लावतो. तिचे नियम काय?

शिडी जिथे टेकते ती उंची चार फूट असेल तर बूड भिंतीपासून एक फूट दूर. आठ फुटांना दोन, बारा फुटांना तीन. तपासायची सोपी रीत अशी: पायाची बोटं शिडीच्या बुडाला लावून ताठ उभे राहा, हात समोर सरळ करा, तळवे समोरच्या पायरीला सहज लागले पाहिजेत. बूड जवळ असेल तर शिडी मागे उलटते, लांब असेल तर खाली घसरते.

जिथे उतरायचं त्या पातळीच्या वर शिडी तीन फूट तरी असावी, म्हणजे पाय टाकताना धरायला आधार राहतो. वरचं टोक दोरीने पक्कं बांधा. प्लास्टिकच्या टाकीच्या गोल अंगाला शिडी टेकवू नका, ती घरंगळते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी उभी करताना आधी वर बघा. घरावरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्यापासून शिडीचं टोक निदान दहा फूट लांब राहिलं पाहिजे. ती पडताना लागेल ते अंतरही धरा.

१८. साडी नेसून चढलं तर चालेल? आणि चप्पल?

साडीच्या निऱ्या वर खोचून, पदर कमरेला घट्ट बांधून चढता येतं. नऊवारीचा काचा त्या दृष्टीने सोयीचाच. पायघोळ गाऊन मात्र नको, उतरताना टाचेखाली येतो. ओढणी काढून ठेवा.

पट्ट्याच्या सपाता नकोत. मागून पट्टा असलेली, सपाट रबरी तळव्याची सँडल किंवा बूट सगळ्यात बरे. अनवाणी चढलात तर पाय कोरडे करा. अरुंद पायऱ्यांवर तळवा लवकर दुखतो आणि माणूस पाय बदलत राहतो, म्हणून अनवाणी थोडाच वेळ.

१९. वय साठच्या पुढे आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिडी वापरू का?

मान मागे टाकून वर बघताना अनेक वयस्कर माणसांना चक्कर येते. जमिनीवर भिंतीला पाठ लावून छताकडे अर्धा मिनिट बघा. गरगरलं तर शिडीचं काम दुसऱ्याला द्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, झोपेच्या आणि सर्दीच्या औषधांनी तोल जाऊ शकतो. उपवासाच्या दिवशी, तापात, आदल्या रात्री जागरण झालेलं असताना कुणीच चढू नये.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या काचेतून जवळचंच दिसतं. उतरताना पायरी धूसर होते. मान पूर्ण खाली करून वरच्या काचेतून बघा, किंवा फक्त लांबचा चष्मा घाला.

२०. घरकामाला येणाऱ्या मावशींना पंखे पुसायला सांगतो. आमची काय जबाबदारी?

पूर्ण. शिडी तुमची, घर तुमचं, काम तुम्ही सांगितलं. प्रश्न ५ ची तपासणी तुम्ही करा, एमसीबी तुम्ही बंद करा आणि काम संपेपर्यंत खोलीत थांबा. त्यांना उंचावर भीती वाटत असेल तर ते नोकरी जाण्याच्या धाकाने बोलून दाखवलं जात नाही. म्हणून स्वतः विचारा, आणि नको म्हणाल्या तर विषय संपवा. स्टुलावर स्टूल ठेवून काम उरकलेलं दिसलं तर कौतुक करू नका, थांबवा.

२१. शिडीचा एक दांडा थोडा वाकला आहे. ठोकून सरळ करू का?

नाही. वाकलेलं ॲल्युमिनियम परत सरळ केलं की त्या जागी ते कमकुवत होतं आणि पुढच्या वेळी तिथेच दुमडतं. सैल रिव्हेट, तडकलेली पायरी, न बसणारं लॉक, उघडल्यावर पिळवटलेली चौकट, यांतलं काहीही असेल तर शिडी बाद. रिव्हेट सैल आहे का ते पायरी दोन्ही हातांनी धरून पिळल्यावर कळतं, ती हलता कामा नये. घरी बदलण्यासारखी गोष्ट म्हणजे फक्त रबरी बूट.

बाद शिडी भंगारवाल्याला अखंड देऊ नका. ती पुसून-बिसून पुन्हा विकली जाते आणि दुसरं कुणीतरी तिच्यावर चढतं. हॅकसॉने दोन्ही दांडे मधोमध कापा, मग द्या. भंगाराचा भाव वजनावर असतो, तो काही कमी होत नाही.

२२. शिडी कुठे ठेवावी?

कोरड्या जागी, आडवी किंवा भिंतीला साखळीने बांधून. पॅसेजमध्ये नुसती टेकवून ठेवलेली शिडी लहान मूल ओढतं आणि अंगावर घेतं. काम चालू असताना मधेच फोन आला तरी शिडी मिटवून मग जा. उघडी शिडी दिसली की दोन वर्षांचं मूल चढतंच.

२३. अंगणातल्या झाडाचे आंबे याच शिडीवरून काढता येतील का?

नको. माती सपाट नसते, फांदी हलते आणि फळ ओढलं की तोल जातो. कलमं बुटकी असतील तर जमिनीवरून झेला, म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, वापरा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'नूतन' झेल्याने देठासकट आंबा कापून जाळीत पडतो, चीक फळावर ओघळत नाही. उंच रायवळ झाडावर चढणं हे सरावलेल्या गड्याचं काम आहे. मागच्या वर्षीची बांबूची शिडी वापरणार असाल तर आधी पायऱ्यांचे बंध नवे घाला. काथ्या पावसात कुजतो आणि वाळवी बांबूला आतून पोखरते. बांबूवर ठोकून पाहा, भद्द आवाज आला तर ती शिडी चुलीत घाला.

२४. कुणी शिडीवरून पडलं तर लगेच काय करावं?

उचलून बसवू नका, ही पहिली गोष्ट. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा शुद्ध नसेल तर आहे तसंच राहू द्या, डोकं-मान हलू न देता धरून ठेवा आणि १०८ वर फोन करा. माणूस श्वास घेत नसेल तर मात्र मानेचा विचार मागे पडतो. श्वास आणि छातीदाब आधी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. तोंडात पाणी घालू नका. शॉक लागून पडला असेल तर हात लावण्याआधी वीज बंद करा.

उठून चालायला लागला आणि "काही झालं नाही" म्हणाला तरी डोक्याला मार असेल तर पुढचा दिवसभर कुणीतरी सोबत राहावं. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, एका बाजूची ताकद कमी होणं, फिट येणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित गळणं, यांपैकी काहीही दिसलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डोकं आपटलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता जावं आणि गोळीचं नाव डॉक्टरांना सांगावं. साठीनंतर कंबरेवर पडल्यावर पाय टेकवत नसेल तर मालिश करू नका, खुब्याचा एक्स-रे काढा.

ज्या शिडीवरून पडले ती प्रश्न २१ प्रमाणे तपासल्याशिवाय पुन्हा उघडू नका.